उत्तरेची गॅलरी आणि दिवाळीनंतर वाळणारी झाडं

वाचक लिहितात :

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही ठाण्यात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. हॉलची गॅलरी उत्तरेला आहे, बाहेर बॉक्स ग्रिल करून घेतलंय. झाडांची हौस लहानपणापासूनच. एप्रिलमध्ये नर्सरीतून गुलाब, मोगरा, जास्वंद, कढीपत्ता आणि तुळस आणली, टोमॅटो-मिरचीचं बी टाकलं. मे-जूनमध्ये गॅलरी बघण्यासारखी झाली होती. गणपतीपर्यंत बरं चाललं, मग एकेका झाडाने मान टाकली. गुलाबाच्या काड्या राहिल्या. मोगरा हिरवा आहे, पण कळी नाही. जास्वंदीवर पांढरा कापूस आलाय. टोमॅटोच्या वेली नुसत्या लांबल्या. तुळशीचं लग्न लागलं आणि पंधरा दिवसांत तुळस वाळली. सासूबाई मला काही बोलल्या नाहीत, पण फोनवर मावशींना ‘काहींच्या हाताला झाडं लागत नाहीत’ असं सांगत होत्या. मोबाइलवर बघून ताक, केळीच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा, सगळं घालून झालं. पाणी तर रोज न चुकता घालते. खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणून सोसायटीत तक्रार झाली ती वेगळीच. हे म्हणतात, प्लास्टिकची झाडं आण. पूर्वेला बेडरूमची एक खिडकी आहे, पण तिथे एसीचं युनिट आहे. खरंच हा नाद सोडून देऊ का?

— एक हिरमुसलेली वाचक, ठाणे

उत्तर :

ताई, नाद सोडू नका. फक्त पाडव्यापर्यंत नर्सरीची वाट धरू नका.

तुमच्या पत्रातलं ताक-केळ्याचं प्रकरण मी नंतर वाचलं, आधी नजर गेली ती तारखांवर. पाडव्याला घरात आलात, मे-जूनमध्ये गॅलरी बहरली, गणपतीपर्यंत टिकली, दिवाळीनंतर संपली. एकही झाड न बघता यातून एवढं सांगता येतं की चूक तुमच्या हाताची नाही. तुमच्या गॅलरीतून ऊन निघून गेलं आणि त्याचा तुम्हाला पत्ताच लागला नाही.

होतं काय, ते नीट सांगते. २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो. तिथून पुढे तो पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या जरा उत्तरेला मावळतो. त्यामुळे एप्रिलपासून उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपी उन्हं येऊ लागतात. ठाणे-मुंबईच्या अक्षांशावर तर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य भर दुपारीही डोक्याच्या किंचित उत्तरेकडेच असतो. म्हणजे ग्रिलच्या बाहेरच्या कडेला ठेवलेल्या कुंडीला दिवसभरात कधी ना कधी ऊन मिळतंच. तुम्ही झाडं आणलीत ती नेमकी या दिवसांत. मग पावसाळी ढग आले. आणि २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य पुन्हा दक्षिणेत गेला की पुढचे सहा महिने अशा गॅलरीत उन्हाची एक तिरीपसुद्धा पडत नाही. आपण संक्रांतीपासून उत्तरायण धरतो, पण तुमच्या गॅलरीचं उत्तरायण सुरू होतं पाडव्याच्या आसपास. वास्तुवाल्यांना उत्तरेचं कौतुक असेल, गुलाबाला नाही.

‘पण उजेड तर भरपूर येतो,’ असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. आपले डोळे अंधाराला इतके पटकन सरावतात की उजेड मोजण्याच्या कामी ते अगदी कुचकामी. उजेड लक्स या एककात मोजतात. भर दुपारच्या उघड्या उन्हात साधारण एक लाख लक्स उजेड असतो. उघड्या आकाशाखालच्या सावलीत तो दहा ते वीस हजारांवर येतो. घरात खिडकीला लागून हजार-दोन हजार मिळाले तरी खूप, आणि सोफ्याशेजारच्या टीपॉयवर शे-दोनशे. आपण त्या टीपॉयवर पेपर वाचू शकतो म्हणून झाडाचंही तिथे भागत असेल असं वाटतं. त्याचं जेवण मात्र शंभरपटींनी कमी झालेलं असतं. तुमच्याच गॅलरीत ग्रिलच्या कडेची कुंडी आणि तीन फूट आत भिंतीला टेकवलेली कुंडी यांच्या उजेडात मोठा फरक पडत असणार.

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, शेतकऱ्यांचा ‘प्रयोग परिवार’ उभा करणारे, शेतीकडेसुद्धा पानावर पडणाऱ्या उन्हाच्या हिशेबाने बघायला सांगत. आपण शहरात नेमका तोच हिशेब सोडून बाकी सगळे करतो. माती विकत मिळते, खत मिळतं, कुंडी मिळते. ऊन तेवढं मिळत नाही, ते बिल्डरने दिलंय तेवढंच.

आता पाण्याबद्दल. मे महिन्यात झाड जेवढं पाणी पीत होतं तेवढंच तुम्ही नोव्हेंबरातही रोज न चुकता घालत होतात. ऊन नसेल तर पान काम करत नाही, पान काम करत नसेल तर मूळ पाणी ओढत नाही. ते पाणी कुंडीतच राहतं, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. मूळ कुजलं की वर पान सुकल्यासारखं दिसतं, आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी एक तांब्या. तुमच्या गुलाबाचं बहुतेक हेच झालं असणार. कुंडी उपडी करून बघा. मुळं काळी, बोटाने ओढली की साल सुटणारी आणि आंबूस वासाची असतील तर खात्री पटेल. यापुढे रोज पाणी हा नियम मोडा. मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओल लागली तर त्या दिवशी त्या कुंडीला पाणी नाही. हिवाळ्यात उत्तरेच्या गॅलरीत काही कुंड्यांना आठवड्यातून एकदाच पाणी लागेल, आणि हात शिवशिवले तरी ते पाळा.

ताक, केळं, चहा यांच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. पाणी घालून पातळ केलेल्या ताकाने कढीपत्ता मरत नाही, पण उन्हाची जागाही ते घेत नाही. तांदळाचं धुवण खुशाल घाला. दूध-साखरेच्या चहाचा चोथा न धुता घातलात तर मुंग्या येतात, आणि जास्वंदीवरच्या त्या ‘कापसा’चा मुंग्यांशी जवळचा संबंध आहे. तो कापूस नव्हे, पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि मागून गोड चिकटा सोडतो, त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, त्याला एका फांदीवरून दुसरीवर नेतात. जास्त लागलेले शेंडे कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका. उरलेल्यांवर जुन्या टूथब्रशने साबणाचं पाणी चोळा. मग लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब असं मिश्रण संध्याकाळी पानांच्या खालून-वरून फवारा, दर आठवड्याला, महिनाभर. पानांच्या बेचक्यात बघायला विसरू नका, तिथेच ते लपतात.

नर्सरीतल्या झाडाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. आपल्याकडे येणारी बरीच झाडं आंध्रातल्या कडियमच्या किंवा पुण्याजवळच्या उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून ट्रकने येतात. प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकण लाल मातीचा गोळा असतो. रोपवाटिकेतल्या उघड्या हवेत तो चालून जातो. आपण पिशवी फाडतो, गोळा तसाच भुसभुशीत मातीच्या कुंडीत बसवतो आणि खूश होतो. मग बाहेरची माती ओली आणि आतला गोळा विटेसारखा कोरडा, किंवा सावलीत असेल तर उलट, बाहेरची कोरडी आणि आत चिखल. बोट खुपसून काही कळतच नाही. म्हणून पुढच्या वेळी झाड आणलंत की आठवडाभर आहे त्या पिशवीतच, जिथे कायम राहणार त्या जागी ठेवा. मग गोळा बादलीभर पाण्यात अर्धा तास बुडवून, बोटांनी हळूहळू चोळून निदान बाहेरची निम्मी माती सोडवून टाका. मुळं गोल गोल गुंडाळलेली असतील तर मोकळी करा, काही तुटली तरी चालतील. मिश्रणाला साधी बागेची माती, तेवढंच कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), तेवढंच गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत, वर मूठभर निंबोळी पेंड. सावलीच्या कुंड्यांना कोकोपीट कमी करून थोडी जाडी वाळू घाला, कारण कोकोपीट पाणी फार धरून ठेवतं.

आता तुळस, कारण मला वाटतं खरं दुखणं तिथेच आहे. तुळशीला रोजचं चार-पाच तासांचं ऊन हवं. शिवाय ती काही वडा-पिंपळासारखी वर्षानुवर्षं जगत नाही. दोन-तीन वर्षांत खोड लाकडी होतं आणि ती संपते, चांगल्या अंगणातलीसुद्धा. कार्तिकापर्यंत ती मंजिऱ्यांनी लगडते. मंजिऱ्या खुडल्या नाहीत तर झाड सगळी ताकद बियांमध्ये घालतं. त्यात थंडी, त्यात तुमच्याकडे ऊन शून्य, वर रोजचा पाण्याचा तांब्या. तुळशीच्या लग्नानंतर मुंबई-ठाण्यातल्या किती गॅलऱ्यांत तुळशी वाळतात ते शेजारीपाजारी नजर टाकलीत तरी दिसेल. यात अपशकुन काही नाही. सासूबाईंना एकदा सहज विचारा, त्यांची तुळस कुठे असायची? अंगणात किंवा चाळीच्या मोकळ्या गॅलरीत असेल तर ऊन कुठून यायचं हा प्रश्नच त्यांना कधी पडला नसेल. वाळलेल्या मंजिऱ्या अजून कुंडीत असतील तर त्या त्यांच्याच हाती द्या. तळहातावर चोळल्या की बारीक काळपट बी निघतं. फेब्रुवारीत थंडी सरली की ओलसर मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर मातीचा जाड थर द्यायचा नाही. आठ-पंधरा दिवसांत उगवतं. ‘हात लागत नाही’ हे वाक्य त्यांनी तुमच्या तोंडावर म्हटलेलं नाही, तेव्हा तुम्हीही ते ऐकलंच नाही असं धरा. त्यांच्या हातची रोपं वर आली की विषय आपोआप मिटेल.

ही तुळस ठेवायची कुठे? पूर्वेच्या खिडकीत. तुमच्या घरातली सर्वांत मोलाची जागा ती आहे, आणि तिथे तुम्ही एसीचं युनिट बसवलंय! ते हलवायला सांगत नाही. युनिटचा पंखा ज्या बाजूला गरम हवा फेकतो ती बाजू सोडा, कारण त्या झोतात पानं भाजल्यासारखी करपतात. उरलेल्या जागेत तीन कुंड्या बसतील: तुळस, कढीपत्ता आणि मोगरा. सकाळचं तीन-चार तास ऊन मिळालं तर कढीपत्त्याचं भागेल. थंडीत तो पानं पिवळी करून गाळतो, तेव्हा घाबरून खत घालू नका, मार्चमध्ये फुटवा येतो. मोगऱ्याला थंडी संपता संपता कात्री लावा, फांद्या निम्म्यावर आणा, पानं काढून टाका आणि पंधरा दिवस पाणी बेताचंच ठेवा. मग खत द्या. कळी नव्या फुटीवरच येते. जास्वंद बरी झाली तर तीही इकडे, नाहीतर ज्याच्याकडे दक्षिणेची किंवा पश्चिमेची गॅलरी आहे त्याला देऊन टाका. गुलाब सोडाच. टोमॅटोही. पाच-सहा तास ऊन नसेल तर वेल उजेड शोधत लांबत राहते, फुलं गळतात, आणि तुम्ही पुन्हा केळी सोलायला बसता.

भाजीची हौस असेल तर सोसायटीची गच्ची विचारून बघा, पण वॉटरप्रूफिंगच्या शंकेचं उत्तर तयार ठेवूनच मीटिंगला जा. मुंबईत पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली, त्याची सुरुवात २००२ मधली. गच्चीवर असं होऊ शकतं हे कमिटीला पटवायला हे उदाहरण कामाचं आहे. घरातल्या घरात मात्र मेथी पेरा. पसरट ट्रेमध्ये दोन इंच वाळूमिश्रित माती, रात्रभर भिजवलेले दाणे दाट पसरून वर मातीचा पातळ थर. मुंबईत समुद्रमेथीच्या बोटभर जुड्या मिळतात ना, तशी कोवळी मेथी दहा-बारा दिवसांत कापायला येते. एवढ्या लहान वयात दाण्यातल्या शिदोरीवरच ती वाढते, उन्हाचं फारसं अडत नाही.

आणि उत्तरेच्या गॅलरीत काय, तर तिथे सावलीच आवडणारी झाडं लावा, नाइलाजाने सावली सोसणारी नव्हेत. माझी पहिली पसंती नागवेल. पानमळ्यात ती मुद्दाम शेवरी-शेवग्याच्या सावलीत वाढवतात, कडक उन्हात तिची पानं करपतात. तुमचं ग्रिल तिला चढायला आयतं आहे. विड्याची पानं घरची असली की सासूबाईंच्या सत्यनारायणालाही कामाला येतील. पानओवा, पुदिना, आळू हे ग्रिलच्या कडेला. आत भिंतीपाशी नेचे, सिंगोनियम, स्नेक प्लांट, झेडझेड. मनी प्लांट तर बाटलीतही राहतो, फक्त त्याचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण बदला आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही त्याच दिवशी ओतून, घासून कोरड्या करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात, तेवढ्यात तुमचा फडका फिरलेला असला पाहिजे.

ताटल्यांवरून खालच्या काकू आठवल्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे, हे आधी मान्य करू. धुतलेल्या साडीवर मातकट पाण्याचा ओघळ आला तर कोणीही भडकेल. प्रत्येक कुंडीखाली कुंडीच्या तोंडाएवढी रुंद ताटली ठेवा, पाइप बंद करून मगाने पाणी घाला, तेही दोन हप्त्यांत, म्हणजे माती पिऊन घेईल. आणि त्या कपडे कधी काढतात ते विचारून पाण्याची वेळ त्यानंतरची ठेवा. पाणी निम्म्यावर आलं की ओघळही निम्म्यावर येतील. जड कुंड्या मात्र बॉक्स ग्रिलवर नकोत. बारा इंची कुंडी ओल्या मातीसकट वीस किलोंच्या घरात जाते, आणि ग्रिल भिंतीत चार-सहा बोल्टांवर लटकलेलं असतं. तिथे सहा-आठ इंची प्लास्टिकच्या कुंड्या पुरे, त्याही तारेने बांधून.

एक रविवार यासाठी काढा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडून गॅलरी खरंच नेमकी उत्तरेला आहे का बघा. ती बरीच पूर्वेकडे, म्हणजे ईशान्येला झुकलेली असेल तर सकाळचं थोडं ऊन थंडीतही मिळेल आणि वरचा हिशेब तुमच्या बाजूने बदलेल. मग सकाळी आठ, दहा, बारा, दोन आणि चार वाजता दोन्ही खिडक्यांत पांढरा कागद ठेवून त्यावर एक फूट उंचीवर हात धरा. सावलीची बोटं मोजता आली तर ऊन आहे. नुसताच धुरकट डाग पडला तर सावलीतली झाडं लावा. डागही दिसला नाही तर तिथे झाड नको, खुर्ची ठेवा. समोर नवा टॉवर उभा राहत असेल तर हे दर वर्षी करावं लागेल, ठाण्यात राहता म्हणून सांगते.

तुम्ही फुलांबद्दल आणि भाजीबद्दल विचारलंत, मी तुम्हाला हळद लावायला सांगणार आहे. थंडीच्या दिवसांत बाजारात ओली हळद येते. लोणच्यासाठी आणाल त्यातले डोळे असलेले चार जाड कंद बाजूला काढून कोरड्या मातीत किंवा टोपलीत सावलीला ठेवा. एप्रिल संपता संपता त्यांना कोंब दिसू लागतात. मेच्या मध्याला, म्हणजे तुमच्या गॅलरीत दिवसभर थोडं थोडं ऊन असेल तेव्हा, बारा इंची रुंद कुंडीत दोन इंच खोल लावा, आणि ही कुंडी ग्रिलवर नव्हे, आत लादीवर, कठड्याला लागून. हळद आंब्या-नारळाच्या विरळ सावलीत वाढणारी, तिला पावसाळी ढगांचं वावडं नाही. कंद शेतातल्याएवढे भरणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवते. पण पानं येतील, चांगली हातभर. नागपंचमीला नाही जमलं तरी गौरी-गणपतीपर्यंत पातोळ्यांपुरती पानं खात्रीने निघतील, फक्त एका रोपाची सगळी पानं एकदम कापू नका. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागतील. त्या वेळी पाणी वाढवू नका, कमी करत जा आणि जानेवारीत कुंडी उपडी करून कंद काढा.

तुमचा मजला कितवा आणि समोर इमारत किती अंतरावर आहे, ते पत्रात नाही. कागदाच्या सावलीच्या नोंदींबरोबर तेही कळवलंत तर नागवेलीची कुंडी नेमकी कुठे ठेवायची ते सांगता येईल.